मनीप्लांट लावायचाय? आधी वेलीवरचा डोळा ओळखा

आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर नोकरीसाठी आलेल्या दोन मुली राहतात, त्यातली एक परवा काचेची बाटली हातात घेऊन वर आली. म्हणाली, काकू तीन महिने झाले, पान हिरवंगार आहे, मुळं पण फुटलीत, पण पुढे काही होतच नाहीये, एकसुद्धा नवीन पान नाही. बघितलं तर बाटलीत मनीप्लांटचं एकच पान, लांब देठासकट, आणि देठाच्या टोकाला पांढरी मुळं. मी म्हटलं अगं याला डोळाच नाहीये, हे असंच राहणार आणि एक दिवस सुकून जाणार. तिला काही कळेना. पानाला मुळं आलीत म्हणजे झाड होणार असंच कुणालाही वाटतं ना, त्यात तिचं काही चुकलं नव्हतं.

माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं, ऊसवाल्यांचं. उसाची लागण करताना टिपरी, म्हणजे लावायचा तुकडा, तोडतात ती डोळे मोजून, दोन डोळ्यांची नाहीतर तीन डोळ्यांची, हल्ली एक डोळ्याची रोपं पण करतात, पण बिनडोळ्याचं कांडं कुणी मातीत घालत नाही कारण कोंब निघतो तो डोळ्यातूनच. मनीप्लांटचं अगदी तेच आहे. वेल हातात घ्या आणि नीट बघा, जिथून पान निघतं तिथे वेलीला एक गाठ असते, गाठीवर एका बाजूला तपकिरी बोंडासारखं टोक दिसेल ते हवेतलं मूळ, आणि पानाच्या बगलेत बारीकसा फुगवटा असतो तो डोळा. गाठीतून मूळ येतं, डोळ्यातून नवी वेल येते. नुसत्या पानाच्या देठाला मुळं फुटू शकतात पण नवी वेल काढायला त्याच्याकडे काही नसतं, म्हणून त्या मुलीचं पान तीन महिने तसंच्या तसं होतं. एवढं एक समजलं की मनीप्लांटमधलं अर्धं काम झालं, बाकी सगळं सोपं आहे.

या झाडाबद्दल थोडं सांगते, कारण ते माहीत असलं की पुढच्या गोष्टी आपोआप पटतात. शास्त्रीय नाव एपिप्रेमनम ऑरियम, नर्सरीत अजून पुष्कळ जण पोथॉस म्हणतात कारण 1880 मध्ये त्याची पहिली नोंद झाली ती पोथॉस याच नावाने. मूळचा हा प्रशांत महासागरातल्या फ्रेंच पॉलिनेशियातल्या मूरेआ बेटावरचा, तिथल्या दमट जंगलात झाडांच्या बुंध्यावर चढणारा वेल. म्हणजे त्याला सवय काय, वरून झाडांच्या पानांतून गाळून आलेला उजेड, दमट हवा, आणि मुळांना धरायला ओलसर पण मोकळी जागा. आणि गंमत अशी की याला फूल जवळजवळ येतच नाही. फूल यायला लागणारं जिबरेलिन नावाचं संप्रेरक हे झाड स्वतः पुरेसं बनवत नाही. फूल नाही म्हणजे बी नाही, म्हणजे तुमच्या माझ्या घरातला, बँकेतला, दवाखान्यातला जो काही मनीप्लांट आहे तो कुणाच्या तरी वेलीचा तोडलेला तुकडा आहे. मला हे फार आवडतं.

बेणं, म्हणजे लावायचा तुकडा, कुठून आणि कसं घ्यायचं

विकत आणायची खरं तर गरज नाही, ओळखीत कुणाकडे ना कुणाकडे वेल असतोच. चोरून आणलेला मनीप्लांट चांगला वाढतो असं आपल्याकडे म्हणतात, पण कृपा करून मागून घ्या. मागून घेतलं की देणारी व्यक्ती चांगला तुकडा काढून देते, घाईत ओरबाडून आणलेल्या तुकड्याला कधी गाठ असते कधी नसते.

तुकडा घेताना वेल ना अगदी कोवळा ना जून झालेला. शेंड्याकडचा हिरवा, पेन्सिलीपेक्षा थोडा बारीक, पानं ताजी, डाग नसलेली असा निवडा. आधी हवेतली मुळं बाहेर आलेली असतील तर उत्तमच, ती पाण्यात लगेच लांबतात. कात्री धारदार हवी आणि स्पिरिट नाहीतर सॅनिटायझरने पुसलेली, बोथट कात्रीने वेल चेपतो आणि चेपलेलं टोक कुजतं. गाठीच्या खाली साधारण अर्धा इंच ठेवून तोडायचं, गाठीवर कात्री चालवायची नाही. मी दोन डोळ्यांची टिपरी करते, खालच्या गाठीवरचं पान काढून टाकते आणि वरचं ठेवते. खालची गाठ पाण्यात किंवा मातीत जाणार, वरून पान अन्न बनवणार. एका डोळ्याची केली तरी चालतं, वेल कमी असेल तर तशीच करा, फक्त वेळ जरा जास्त लागतो. आणि वरची बाजू खालची बाजू उलटी करू नका, लांब वेलीचे चार तुकडे केले की हे हमखास होतं. पान आणि डोळा गाठीच्या वरच्या अंगाला असतो, त्यावरून ओळखायचं.

लांब चार फुटी वेल आहे म्हणून तो आख्खाच बाटलीत सोडू नका. त्याचे तुकडे केलेत तर पाचसहा झाडं होतील, आणि ज्या वेलीवरून कापलंत तिथे मागचा डोळा जागा होऊन तीही नव्याने फुटते. खुडल्याशिवाय मनीप्लांट भरगच्च होत नाही, नुसता एकच लांब दोर होत जातो.

पाण्यात लावायचं असेल तर

नवीन माणसाने पाण्यातच सुरुवात करावी असं माझं मत आहे, कारण मुळं आपल्याला बाहेरून दिसतात आणि धीर येतो. बाटली कुठलीही चालते, तपकिरी किंवा हिरव्या काचेची मिळाली तर जास्त बरं, उजेड कमी आत जातो म्हणून शेवाळ कमी धरतं. गाठ पाण्याखाली, पान पाण्याच्या वर, पान बुडालं तर कुजतं आणि पाण्याला वास येतो. बाटली खिडकीजवळ पण थेट उन्हात नाही. आठदहा दिवसांत गाठीवर पांढरं टोक दिसायला लागतं, तीन आठवड्यांत दोन इंच मुळं होतात. थंडीत हेच दीड महिना घेतं, तेव्हा घाबरून फेकून देऊ नका.

आता डासांचं, आणि हे मी अगदी कळकळीने सांगते. डेंग्यूचा एडीस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि मनीप्लांटची बाटली म्हणजे त्याला आयती जागा. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठदहा दिवस लागतात. म्हणून आठवड्याला एकदा पाणी बदलायचंच, आणि नुसतं ओतून पुन्हा भरायचं नाही, बाटली आतून ब्रशने घासायची, कारण ती अंडी पाण्याच्या पातळीच्या जरा वर काचेला चिकटलेली असतात आणि कोरडी झाली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. पावसाळ्यात महापालिकेची माणसं घरोघरी येतात ती कुंडीखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे आणि मनीप्लांटच्या बाटल्याच बघतात, ते काही उगाच नाही. मी वार ठरवून टाकलाय, रविवारी सकाळी सगळ्या बाटल्या सिंकमध्ये. बाटलीच्या तोंडाला कापूस किंवा जाळीचं कापड गुंडाळलं तर आणखी चांगलं.

घरात फिश टँक असेल तर त्यात मुळं सोडा आणि पानं बाहेर ठेवा, माशांच्या विष्ठेतलं नायट्रेट हे झाड खातं आणि दणकून वाढतं.

पाण्यातच कायम ठेवायचं असेल तर ठेवता येतं, वर्षानुवर्षं राहतं, फक्त पानं लहानच राहतात कारण पाण्यात खायला काही नाही. महिन्यातून एकदा विरघळणारं खत, 19:19:19 म्हणून मिळतं ते, एक लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम इतकंच. जास्त टाकलं की हिरवं शेवाळ झालंच समजा.

मातीत

पाण्यातली मुळं दोन ते तीन इंच झाली की मातीत हलवा. खूप लांब होईपर्यंत थांबू नका, पाण्यातली मुळं नाजूक असतात, मातीत गेल्यावर झाडाला नव्याने मुळं काढावी लागतात आणि तोपर्यंत ते रुसल्यासारखं दिसतं. पावसाळ्यात तर मी पाण्याची पायरी सोडूनच देते, जून ते सप्टेंबर हवाच इतकी दमट असते की टिपरी थेट मातीत खोचली तरी लागते.

माती कशी तर मोकळी. नर्सरीतून आणलेल्या रोपाला बहुतेक वेळा चिकट लाल मातीचा घट्ट गोळा असतो आणि आमच्या देशावरची काळी माती तर पाणी धरून बसते, वाळली की दगड. दोन भाग माती, एक भाग गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणांचा भुसा आणि मूठभर जाड वाळू, एवढं पुरतं. तांदळाचं तूस मिळत असेल तर वाळूऐवजी ते घाला. ताजं शेण नको, मुळं भाजतात. कुंडीला खाली भोक पाहिजेच पाहिजे, भोकावर मडक्याचं खापर पालथं ठेवायचं म्हणजे माती वाहून जात नाही आणि पाणी निघून जातं. दिसायला सुंदर पण बिनभोकाची चिनी मातीची कुंडी असेल तर तिच्यात प्लास्टिकची भोकवाली कुंडी ठेवा, आणि पाणी घालून झालं की आतली बाहेर काढून साचलेलं ओतून द्या.

सहा इंची कुंडीत एकच टिपरी लावू नका, ती कितीही वाढली तरी कुंडी रिकामीच दिसते. पाचसहा टिपऱ्या कडेकडेने लावा, एक गाठ मातीच्या आत, पान बाहेर, बोटाने माती दाबा, पाणी घाला, आणि सावलीत पंधरा दिवस. या पंधरा दिवसांत माती ओलसर राहू दे, नंतर मात्र हात आखडता.

पाणी किती, हा खरा प्रश्न

मला सगळ्यात जास्त विचारतात ते हेच, की रोज घालू का एक दिवसाआड. वार ठरवून पाणी घालायचंच नाही. शेतात वाफसा म्हणतात बघा, म्हणजे जमीन चिखल पण नाही आणि खडखडीत पण नाही, मुठीत धरली तर गोळा होतो आणि बोटाने दाबला तर फुटतो, मुळांना पाणीही मिळतं आणि हवाही. कुंडीचं तेच. बोट दोन पेरं आत घाला, वरची माती कोरडी आणि आत जेमतेम ओल असेल तर पाणी द्यायची वेळ झाली, बोटाला चिखल लागला तर आज नाही. द्याल तेव्हा खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरपूर द्या. रोज थोडं थोडं शिंपडलं की वरची माती ओली आणि खालची मुळं उपाशी असा प्रकार होतो. पुण्यात माझ्याकडे उन्हाळ्यात तिसऱ्या चौथ्या दिवशी, पावसाळ्यात आठवड्याने, डिसेंबरात दहा दहा दिवसांनी असं पडतं, पण तुमच्या घराचा उजेड, वारा, कुंडीचा आकार वेगळा, तेव्हा बोटावरच भरवसा ठेवा.

मनीप्लांट तहानेने सहसा मरत नाही. पानं लोंबली तरी पाणी दिल्यावर संध्याकाळपर्यंत उभी राहतात. मरतो तो मुळं कुजून, म्हणजे आपल्या जास्तीच्या प्रेमाने. माझी पहिली कुंडी अशीच गेली होती, तेव्हापासून मी झारी उचलायच्या आधी बोट घालते.

बोअरचं जड पाणी असेल तर मातीवर पांढरी खर जमते आणि पानांची टोकं करपतात, अशा वेळी खर खरवडून काढा आणि पावसाळ्यात कुंडी एकदोनदा मोकळ्या पावसात ठेवा, क्षार धुऊन जातात. फिल्टरचं वाया जाणारं पाणी वाचवावं हे बरोबर आहे, पण त्यात क्षार जास्त असतात, ते फरशी पुसायला वापरा, कुंडीला रोज नको.

उजेड

कमी उजेडात जगतो हे खरं, पण जगणं वेगळं आणि वाढणं वेगळं. जिथे दिवसा दिवा न लावता पेपर वाचता येतो तिथे मनीप्लांट मजेत असतो. पूर्वेची खिडकी सगळ्यात छान, सकाळचं कोवळं ऊन लागलं तरी चालतं. दुपारचं पश्चिमेचं ऊन पानावर पांढरट करपलेले डाग पाडतं, तिथे पातळ पडदा हवाच. पिवळे पांढरे पट्टे असलेल्या जाती, म्हणजे गोल्डन, मार्बल क्वीन वगैरे, अंधारात ठेवल्या की हळूहळू हिरव्या होत जातात, कारण पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं आणि कमी उजेडात झाडाला ते परवडत नाही. असं झालं तर उजेड वाढवा आणि वेल मागे जिथे शेवटचं पट्ट्याचं पान आहे तिथपर्यंत छाटा, त्या डोळ्यातून पट्टेदार फूट यायची शक्यता जास्त. दोन पानांमधलं अंतर फार वाढलं, पानं बारीक होत चालली, की तेही उजेड कमी पडतोय असंच समजायचं.

एसीची थेट हवा नको. नागपूरकडे उन्हाळ्यात कूलरच्या खोलीत मात्र याला मजा येते, हवा दमट असते ना. आणि नाशिककडे, निफाडला पारा दहाच्या खाली जातो तेव्हा बाल्कनीतली कुंडी रात्री आत घ्या, नाहीतर पानं काळवंडतात.

चढवा, लोंबवू नका

हे माझं स्वतःचं मत आहे, काही जणांना लोंबणारेच आवडतात आणि दिसतातही छान. पण कोकणात कधी माडावर किंवा फणसावर चढलेला मनीप्लांट बघितलाय का, पान जेवणाच्या ताटाएवढं, कडेने फाटलेलं, सांगितल्याशिवाय कुणाला ओळखू येणार नाही. तो आपल्या बाटलीतलाच वेल, फक्त त्याला चढायला आधार मिळाला. खाली लोंबला की पानं लहान होत जातात, वर चढला आणि गाठीतल्या मुळांना ओलसर आधार मिळाला की पानं मोठी होतात. घरात ताटाएवढी नाही होणार, पण तळहाताएवढी नक्की होतात. वेल चढवायला शेवाळ गुंडाळलेली काठी मिळते, त्या विकतच्या मॉस स्टिकपेक्षा पीव्हीसी पाइपला काथ्या घट्ट गुंडाळा, किंवा नारळाची सोडणं तारेने बांधा, कुंडीत मधोमध रोवा, वेल सुतळीने सैल बांधा, आणि पाणी घालताना काथ्याही भिजवा. काथ्या कोरडा राहिला तर मुळं त्याला धरत नाहीत.

वेल जमिनीला टेकला तर पैसा जातो म्हणतात. मला तर तो टेकलेला आवडतो, कारण दाब कलम करायला तोच लागतो. लांब वेल शेजारच्या मातीभरल्या कुंडीवर आडवी टाकायची, गाठ मातीला टेकवून केसांच्या यू पिनने दाबायची, आईपासून तोडायची नाही. महिनाभरात गाठ मुळं धरते, हलकेच ओढून बघायचं, हलली नाही की मधे कापायचं. ज्यांची कलमं वारंवार कुजतात त्यांनी हा प्रकार करावा, यात फुकट जाणं जवळजवळ नाहीच.

पानं पिवळी पडली तर

खालचं एखादं जुनं पान पिवळं पडून गळणं हे चालायचंच. एकदम तीनचार पडली आणि माती ओली असेल तर पाणी जास्त झालंय. थांबूनही पिवळी पडत राहिली तर झाड काढून मुळं बघा, पांढरी घट्ट असतील तर ठीक, काळी लिबलिबीत आणि वास मारणारी असतील तर तेवढी कापून नवीन कोरडसर मातीत लावा. सगळीच गेली असतील तर वेलीचे वरचे चांगले भाग तोडून पुन्हा टिपऱ्या करा, झाड वाचतं, फक्त नव्याने सुरुवात होते.

पानाच्या बगलेत पांढरा कापसासारखा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण. थोडे असतील तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, जास्त असतील तर एक लिटर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा. पानं चमकवायला दूध तेल लावू नका, ओल्या फडक्याने पुसा. उरलेली साखरदुधाची चहा पावडर पण कुंडीत नको, चिलटं होतात. खत म्हणून दोन महिन्यांनी मूठभर गांडूळखत बास आहे, थंडीत तेही नको.

लहान मूल, मांजर किंवा कुत्रा घरात असेल तर वेल उंचावर ठेवा. हे अळू आणि सुरणाच्या कुळातलं झाड, त्यांच्यासारखेच याच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. अळूला आपण चिंच घालून शिजवतो म्हणून निभतं, हे तर खायचं झाडच नाही, चावलं तर तोंड जळजळतं, ओठ सुजतात, लाळ गळते. कुणी चावलंच तर तोंड धुऊन डॉक्टरांना विचारा. कापताना चीक लागून काहींना खाज येते, हात धुवा, डोळ्याला लावू नका.

हवा शुद्ध करतो म्हणून लावणार असाल तर तेवढ्यासाठी नका लावू. नासाचा 1989 चा जो प्रयोग सांगतात तो बंद पेटीतला होता. 2019 मध्ये अशा प्रयोगांचे आकडे एकत्र करून तपासले तेव्हा दिसलं की घरात खिडकी उघडण्याइतका फरक पडायला एका चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील. खिडकी उघडा आणि झाड झाड म्हणून लावा.

छाटलेल्या वेली नाल्याकडेला किंवा टेकडीवर फेकू नका, मोकळ्यावर लागला की हा झाडांवर चढून सगळं झाकून टाकतो, श्रीलंकेत आणि हवाईत तो जंगलात पसरून डोकेदुखी झालाय. ज्यांना हवा असेल त्यांना द्या. गावाला न्यायचा असेल तर टिपऱ्या ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीचं तोंड थोडं उघडं, एसटीत खिडकीच्या उन्हात नाही तर पायाशी ठेवा. दोनतीन दिवस आरामात टिकतात. त्या खालच्या मुलीला मी तशाच चार दिल्यात, दोन डोळ्यांच्या, एक तिला आणि तीन ती दिवाळीत लातूरला आईकडे नेणार आहे.